डावीकडे विजेचा, उजवीकडे हाताचा

वर, उजवीकडे

“चावा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता सोडा. परत चावा.”

त्यांचं बोट माझ्या वरच्या पुढच्या दातावर होतं. मी चावलं की तो दात त्यांच्या बोटाखाली हलायचा. मला ते ठाऊकच होतं. दसऱ्यापासून माझी जीभ दिवसभर तोच उद्योग करत होती.

“काम काय करता तुम्ही?”

तोंडात आरसा धरून त्या मला प्रश्न विचारत होत्या. आरसा निघाल्यावर मी म्हणालो, “बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. इथंच, विट्यात. रत्नमाला ब्रास बँड. सगळ्यात पुढं चालतो तो मी.”

“म्हणजे वरचे दात वाद्यावर टेकवता?”

“टेकवावेच लागतात. वर दात, खाली ओठ, मध्ये सूर काढणारी वेताची पत्ती. दातानं धरल्याशिवाय ते तोंडात राहत न्हाई.”

“आणि दात कसे घासता?”

“ब्रशनं.”

“ते नव्हे. कसे? करून दाखवा.”

त्यांनी एक कोरा ब्रश काढून हातात दिला. मी नेहमीसारखा घासून दाखवला. पडद्याच्या पलीकडे बाकावर माझी बायको हौसा बसली होती. तिला दिसत काही नव्हतं, पण आवाज तिच्या ओळखीचा होता.

“ऐकलंत का बाई?” ती तिथूनच म्हणाली. “रोज सांगते, आवो, भांडं न्हाई ते!”

त्यात माझी चूक अशी काही नव्हती. लहानपणी बँडमध्ये मी शिरलो तो वाद्यं घासायला. चिंच लावायची, राख लावायची आणि तुतारीत तोंड दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. पितळ रगडल्याशिवाय पितळ होत नाही, हे हातात बसलं ते कायमचं. मग दातांना वेगळा नियम कशाला? आधी कोळशाची राखुंडी होती, ती बोटानं. पुढे ब्रश आला तर दुकानातला सगळ्यात कडक केसांचा मागून घ्यायचो. हिरडी झोंबली म्हणजे दात घासले, असा आमचा हिशेब.

“पुढच्या हिरड्या मळानं नाही, घासून घासून वर सरकल्यात,” डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला आणि दाखवलं. दाताच्या वरच्या भागात एक पिवळट पट्टा दिसत होता. “हे मूळ. हे दिसायला नको. आणि गंमत बघा, पुढं एवढी मारामारी करून मागच्या दाढांवर मळ तसाच आहे. तिथं ब्रश पोचतच नाही. तिथल्या हिरड्या सुजल्यात.”

“दात जाईल?”

“एवढ्यात नाही. मी सगळं साफ करते. हिरडी शांत झाली तर हा दात मागच्या बाजूनं तारेनं शेजाऱ्यांना बांधता येईल. पण आधी तुमचा हात शांत झाला पाहिजे. मऊ ब्रश घ्या. दातावर ठेवा, दाबू नका. ते जमत नसेल तर विजेचा घ्या. तो स्वतः हलतो, तुम्ही नुसता धरायचा.”

“विजेचा?”

त्या दिवसांत वीज म्हटलं की माझं डोकं फिरायचं. का, ते सांगतो. त्याआधी आणखी एक सांगायला हवं. पुढे तो विजेचा ब्रश खरंच माझ्या तोंडात आला, आणि त्याला एक खोड होती. तोंडाचे चार भाग धरायचे. एका भागाचा वेळ भरला की तो जरासा अडखळायचा. त्याचा अर्थ, पुरे, आता पुढच्या भागात चला. तुमचं तिथलं काम झालेलं असो वा नसो. इतकी वर्षं झाली, माझं बोलणंही तसंच झालंय. मी सांगत असतो, मध्येच काहीतरी अडखळतं आणि मी


वर, डावीकडे

पुढच्या भागात जातो.

बँडचे मालक बापू मास्तर. त्यांनी दोन हंगामांपूर्वी एक कीबोर्ड घेतला होता. तो हातगाडीवर बसवला, वर भोंगे लावले, मागे जनरेटर बांधला आणि वाजवायला दस्तगीर मुल्लाला आणलं. दस्तगीर तिशीचा, ऑर्केस्ट्रात वाजवून आलेला. गुणी होता. माझं भांडण त्याच्याशी नव्हतंच, त्याच्या त्या पेटीशी होतं.

वरात निघताना सगळं ठीक असायचं. चार गल्ल्या झाल्या की माझा सूर आणि कीबोर्डचा सूर एकमेकांना घासायला लागायचे. फार नाही, इतकंसंच. पण दाताखाली वाळू आल्यासारखं वाटायचं.

“लाइटचा सूर हाय तो,” मी म्हणायचो. “जनरेटर जसा फुरफुरंल तसा वर-खाली हुणार. माणसाच्या दमाचा सूर न्हाई.”

तुतारीवाले, ढोलवाले, सगळे मान डोलवायचे. दस्तगीर कधी काही बोलायचा नाही. गाडीवर झाकण टाकायचा आणि दोऱ्या बांधायचा.

मागच्या हंगामातल्या शेवटच्या वरातीत नवरदेवाच्या मामानं बापू मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांत विचारलं, “मास्तर, एका सुपारीत दोन बँड आणलेत व्हय?”

लोक हसले. बापू मास्तर हसले नाहीत. दिवाळी झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना दुकानात बोलावलं.

“तुळशीची लग्नं लागली की पहिली वरात माळेवाडीची हाय,” ते म्हणाले. “ती मी कान देऊन ऐकणार. त्यानंतर तुमच्यातला एकच पुढं राहील.”

“मास्तर, तीस वर्षं—”

“शिवराम, तुझा दात हलतोय हे मला कळत न्हाई असं समजू नको. वरच्या पट्टीत गेलास की तोंड वाकडं करतोस. खुळखुळा रिकामाच हाय. आन् दस्तगीर, तूबी ऐक. ती गाडी विकायला मला एक दिवस पुरंल.”

खुळखुळा म्हणजे बँडमधली शेवटची रांग. ज्याचा दम संपला त्याच्या हातात देतात. अंगात तोच लाल कोट, डोक्यावर तोच तुरा, पण काम नुसतं हात हलवायचं. आमच्या बँडमध्ये आधी ज्यांनी तो धरला त्यांना मी पाहिलं होतं. चालताना ते खाली बघायचे.

म्हणून मी दवाखान्यात गेलो होतो. दातासाठी नव्हे.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं दुकानात माझ्या समोर एक खोकं ठेवलं.

“तात्या, भावानं कुवेतहून पाठवलंय. दोन पाठवले. एक तुमाला.”

मी उघडलं. पांढरा जाडजूड दांडा, टोकाला छोटंसं गोल डोकं. ब्रशापेक्षा तो सुताराच्या हत्यारासारखा दिसत होता.

“तुला कुणी सांगितलं?”

“हौसाकाकी बाजारात भेटल्या.”

“आन् माझ्या दाताचं तुला काय पडलंय? पडला तर तू पुढं.”

“व्हय की,” तो म्हणाला. “पर मग एकटाच. एकट्यानं वरात कशी वाजवायची?”

मला ते बोलणं तोंडदेखलं वाटलं. खोकं मात्र मी घेतलं. घरी न नेता तसाच दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरीणबाईंसमोर ठेवलं. वाटलं, त्या म्हणतील, असली खेळणी नकोत.

“अरे वा, चांगला आहे,” त्या म्हणाल्या.

“हातापेक्षा?”

“पुष्कळांना हातापेक्षा बरा पडतो. मागं पोचतो, मळ जरा जास्त काढतो. पण नीट हातानं घासणाऱ्याचे दात काही खराब राहत नाहीत.”

“म्हणजे नक्की काय?”

“म्हणजे कुणाच्या हातात आहे त्यावर आहे.”

असल्या उत्तरानं माझं समाधान होणार नव्हतं. मी म्हणालो, “मग मी अर्ध्या तोंडाला हा लावतो आन् अर्ध्याला हातानं घासतो. बघू कोण जिंकतंय.”

मला वाटलं त्या हसतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. तरुण होत्या, कॉलेजातून येऊन फार दिवस झाले नव्हते. “करा,” त्या म्हणाल्या. “पण नीट करा. हाताचा ब्रश मऊच घ्यायचा. दोन्हीकडं सारखाच वेळ द्यायचा. आणि कुठली बाजू विजेची ते मला सांगायचं नाही. मी बघून ओळखीन.”

मी डावी बाजू विजेला दिली. उजव्या हाताचं काम उजवीकडे, असा साधा विचार. दुखरा दातही उजवीकडचाच होता. त्याच्यावर यंत्र चालवायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या सकाळी मी मोरीत उभा राहिलो, ब्रशावर पेस्ट घेतली, बटण दाबलं आणि मग तोंडात घातला. पेस्ट आधी भिंतीवर गेली, थोडी आरशावर, थोडी हौसाच्या लुगड्यावर. आधी तोंडात आणि मग बटण, हे मला तिच्याकडून शिकावं लागलं. ती काय म्हणाली ते इथं सांगत नाही.

मग नीट सुरू केला. घुंऽऽ असा एकसारखा आवाज. मी सवयीनं कान दिला. काळी चार. बरोबर हार्मोनियमच्या काळी चारचा सूर, ना वर ना खाली. मी दातावर ब्रश रेटला, जसा आयुष्यभर रेटत आलो तसा, आणि सूर उतरला. पांढरी चार. आणखी रेटला तर पांढरी तीन, आणि वर घरघर.

आता मी वाजवणारा माणूस. उतरलेला सूर मला तोंडात सहन होईना. हात सैल केला. सूर परत काळी चारवर येऊन बसला. तिथं ब्रशाचे केस दाताला नुसते लागत होते. मला वाटलं हा काही घासत नाही, नुसता गुदगुल्या करतोय. पण दाबलं की सूर पडायचा, म्हणून मी दाबत नव्हतो. डॉक्टरीणबाईंसाठी नव्हे, सुरासाठी.

मग उजवीकडे आलो. हाताचा मऊ ब्रश. त्याला सूर नाही. पण कानात काळी चार चालूच होती, आणि मी हात जरा जोरात चालवला की कानातला तो सूर पडल्यासारखं वाटायचं. खसखस आवाज रोज थोडा थोडा कमी व्हायला लागला. हौसा एकदा मोरीच्या दारात येऊन बघून गेली, मी घासतोय की नुसता उभा


खाली, डावीकडे

आहे ते.

तोंडात फेस आणि चालू ब्रश असला की माणसाला बोलता येत नाही. म्हणून या भागात मी काही सांगत नाही. सकाळची वेळ, मी मोरीत. सोप्यात हौसा. दस्तगीर नुकताच आलाय. त्याच्या गल्लीत आणि आमच्या गल्लीत लाइट जायच्या वेळा वेगळ्या होत्या, म्हणून ब्रश चार्ज करायला तोच घेऊन जायचा आणि आणून द्यायचा.

हौसा: आलास व्हय? बस. ह्यांचं अजून चाललंय.

दस्तगीर: चालू द्या. आज आमच्याकडं दुपारी लाइट हाय. म्हटलं, ब्रश न्यावा.

हौसा: दात घासायला करंट लागतोय, काय दिवस आलं. माझा मिशरीचा डबा कधी चार्जिंगला लावला न्हाई मी.

दस्तगीर: काकी, मिशरी सोडा खरंच. वंगाळ असती.

हौसा: त्या बाईबी तेच म्हणाल्या. मी म्हटलं, आदी ह्यांचं बघा, मग माझं.

मी: घुंऽऽऽ.

हौसा: ऐकलंस? डावीकडं मशीन झालं की मशीन ठेवायचं आन् उजवीकडं हातानं. बरोबर अर्ध्यात थांबत्यात, आरशात नाकाच्या सरळ रेघेत बघून. परवा जेवताना मला विचारत हुते, भाकरी कुठल्या बाजूनं चावू, दोन्हीकडं सारखी चावाय पायजे.

दस्तगीर: (हसतो.) मग हुशारीनं चाललंय.

हौसा: हुशारी कसली. माणूस घाबरलाय. झोपंत हात हलवतोय, खुळखुळा धरल्यागत.

मी: घुं. अं? अंऽ?

हौसा: तुमी घासा. (आवाज खाली आणून) दस्तगीर, मला एक खरं सांग. मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमचं दोघांचं जमत न्हाई म्हणत्यात, ते कुणामुळं?

दस्तगीर: चहा टाकलाय का, काकी?

हौसा: टाकते. आदी सांग.

दस्तगीर: मशीनमुळं.

हौसा: असं तू म्हणतोस?

दस्तगीर: असं सगळे म्हणत्यात.

हौसा: सगळ्यांचं न्हाई विचारलं मी.

मी: घुंऽऽऽ. घुं.

दस्तगीर: साखर कमी टाका, काकी.

हौसा: तुझी साखर कमीच असती. ह्यांच्यापुढं तर लईच कमी. तोंडात मूग धरून बसतोस. माळेवाडीला काय झालं तर तुझी गाडी विकतील मास्तर, कळतंय का?

दस्तगीर: कळतंय.

हौसा: मग?

दस्तगीर: मग काय? तात्यांचं क्लॅरोनेट ऐकून मी वाजवायला शिकलो. शाळा सोडून वरातीच्या मागं पळायचो. आता त्यांनाच जाऊन काय सांगू?

हौसा: काय सांगायचं हाय पण?

मी: घुंऽऽऽ—


खाली, उजवीकडे

हौसानं आवाज खाली आणल्यापासूनचं हे बोलणं ब्रशाच्या आवाजात मला ऐकू आलं नव्हतं. ते हौसानं फार पुढे सांगितलं.

माळेवाडीच्या आधी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी डावीकडे सळई फिरवली, मग उजवीकडे. बराच वेळ बघत राहिल्या. पहिल्या खेपेला सळई लागली तिथं रक्त येत होतं. या खेपेला त्यांनी मला वाटीत थुंकायला सांगितलं आणि वाटीत पाणीच होतं.

“मागच्या दाढा डावीकडच्या जास्त स्वच्छ आहेत,” त्या म्हणाल्या. “डावीकडं विजेचा.”

“बरोबर.”

“पण पुढं…” त्यांनी परत दिवा ओढला. “पुढं मला फरक सांगता येत नाही. दोन्हीकडची हिरडी शांत आहे. उजवीकडं तर ती रगडल्याची खूणसुद्धा नवी नाही. हातानं काय केलंत?”

“दाबलं न्हाई.”

“मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.”

“तुम्ही सांगितलं तवा कळलं न्हाई,” मी म्हणालो. “सूर पडायला लागल्यावर कळलं.”

त्यांना सगळं सांगितलं. काळी चार, पांढरी चार. त्या ऐकत होत्या आणि दाताच्या मागून तार बांधत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या उजव्या बाजूलाही थोडा विजेचाच ब्रश लागला. तुमची परीक्षा फसली, काका. कोण जिंकलं ते नाही सांगता येणार.” पण बोलताना त्या खुशीत होत्या. “एक ऐका. तार आहे म्हणून दात रेटू नका. वाजवताना पण तेच. ठेवा, दाबू नका.”

“वाजवताना दाबल्याशिवाय सूर कसा निघंल?”

“ते मला माहीत नाही. दाताचं तेवढं मला माहीत आहे.”

माळेवाडीची वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. नवरदेव घोड्यावर, पुढे पोरं, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे तुतारीवाले, मग ढोल, आणि शेवटी दस्तगीरची गाडी. बापू मास्तर बाजूनं चालत होते, हातात छत्री, मान एका बाजूला झुकलेली. ते खरंच कान देऊन चालले होते.

माउथपीसवर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता, दाताला धक्का कमी बसावा म्हणून. पहिली गल्ली बरी गेली. दुसऱ्या गल्लीत दात ठसठसायला लागला. नेहमी असं व्हायचं तेव्हा मी काय करायचो, तर आणखी घट्ट चावायचो. ओठ थकला की दातानं धरायचं, हे मी कुणाकडून शिकलो नव्हतो, ते आपोआप व्हायचं. तिसऱ्या गल्लीपर्यंत माझा जबडा लोखंडासारखा झालेला असायचा. त्यालाच मी जोर म्हणायचो.

त्या दिवशी मी चावायला गेलो आणि कळ कानापर्यंत गेली. पुढे अजून अर्धं गाव होतं. तिथं थांबलो असतो तर मास्तरांना वेगळा निकाल द्यावा लागला नसता.

मी जबडा सोडला. विचार करून नव्हे, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. दात नुसता टेकवला, मोरीत सकाळी टेकवायचो तसा. ठेवला. दाबला नाही.

मला वाटलं होतं आवाज बसेल. उलट तो मोठा झाला. पत्ती इतकी वर्षं दाबून ठेवलेली होती, ती मोकळी झाली आणि काळ्या लाकडातून असा भरलेला आवाज आला की माझ्या पुढचा एक नाचणारा वळून बघायला लागला. हा माझा आवाज असेल असं मला वाटलं नाही. माझा आवाज टोकदार होता. हा गोल होता.

चौथ्या गल्लीत शिरलो आणि मला कीबोर्ड ऐकू येईना.

एरवी इथंच तो घासायला लागायचा. आज घासणं नाही, कीबोर्डही नाही. जनरेटर बंद पडला. खोटं कशाला सांगू, मला थोडा आनंदही झाला. गाडी बंद पडली म्हणजे निकाल लागला. वाजवता वाजवता मी मान वळवून मागे बघितलं.

जनरेटरचा धूर निघत होता. भोंगे थरथरत होते. दस्तगीरची दहाच्या दहा बोटं चालली होती. तो वाजवत होता. मी जे वाजवत होतो तेच, आणि बरोबर तिथंच. दोन सूर एकमेकांवर इतके नेमके बसले होते की दुसरा वेगळा ऐकूच येत नव्हता.

दस्तगीर माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता. डोळे मोठे करून बघत होता. रस्त्यात अचानक कुणी खूप जुनं ओळखीचं दिसावं तसा.

मांडवापर्यंत तसंच गेलो. मांडवाच्या दारात शेवटचं गाणं संपलं. बापू मास्तरांनी छत्री मिटली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“आज एकच बँड आणला हुता व्हय रं?”

“एकच हुता, मास्तर.”

“मग पुढच्या वरातीलाबी तोच आणा.” ते जायला निघाले. मग थांबले. “गाडी ह्याच्या बरोबरीनं पुढं घ्या. आन् खुळखुळा कुणी धरत नसंल तर मी धरतो. रिकामा हिंडून मला कट्टाळा आलाय.”

तुतारीवाले हसले. मला हसता आलं नाही, ओठ दमला होता. मी पायरीवर बसलो, क्लॅरोनेटचे तुकडे सुटे केले, आतलं पाणी झटकलं. दात जिभेनं चाचपला. होता.

दस्तगीर गाडी भिंतीला लावून माझ्या शेजारी येऊन बसला. लग्नघरातून आलेले दोन लाडू त्याच्या हातात होते. एक मला दिला.

“तात्या,” तो म्हणाला, “आज बटणाला हात लावला न्हाई.”

“कुठल्या बटणाला?”

त्यानं लाडू खाऊन संपवला. हात कोटाला पुसले. मग उठून गाडीवरचं झाकण वर केलं आणि मला बोलावलं. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात दोन बारकी बटणं होती, शेजारी शेजारी.

“ह्यानं सगळी पेटी जराशी खाली येती. ह्यानं जराशी वर जाती,” तो म्हणाला. “मारुतीपासून निघालो की चार गल्ल्यांत तुमचा सूर चढायचा. मग मी हे दाबायचो. गाठलं म्हणेस्तोवर तुमी परत वर. परत दाबायचो. कधी गाठ पडायची, कधी चुकायची.”

“माझा सूर चढायचा?”

“चावल्यानं चढतो, तात्या. पत्ती दाबली की.”

मोरीत ब्रश दाबला की सूर उतरायचा. इथं पत्ती दाबली की चढायचा. दोन्हीकडे जागचा हलायचा, एवढं खरं.

“दोन हंगाम तू गप्प बसलास?”

“आज तुमी तिथं आलाच की,” तो म्हणाला.

मांडवातून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. तो गेला. मी गाडीपाशी एकटाच उभा राहिलो आणि वाकून बघितलं. त्या पेटीवर तीस-चाळीस बटणं होती आणि सगळ्यांवरची पांढरी अक्षरं नव्यासारखी होती. खाली आणायच्या बटणावरचीही. वर न्यायच्या बटणावर मात्र काहीच उरलं नव्हतं. अक्षर गेलं होतं, रंग गेला होता, मधोमध बोटाच्या आकाराचा खळगा पडला होता, गुळगुळीत.

मी त्या खळग्यात बोट ठेवलं. दाबलं नाही.